कलमांची बाग कराराने देऊन मुलीचे शुल्क भरावे का?

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. राजापूर तालुक्यातील हापूसची ११० कलमे पाच हंगामांसाठी कराराने देऊन एकरकमी ६ लाख रुपये घ्यायचे, उरलेल्या रकमेसाठी शैक्षणिक कर्ज काढायचे आणि मुलीला पुण्याजवळच्या एका खासगी विद्यापीठात संगणक अभियांत्रिकीला पाठवायचे, असा तुमचा बेत आहे. तिथले शुल्क वर्षाला ३ लाख आणि वसतिगृह व खानावळ १ लाख २० हजार, म्हणजे चार वर्षांचे १६ लाख ८० हजार होतात. दुसरीकडे राज्य शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत तिला लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशनची जागा मिळाली आहे, पण शाखा मनासारखी नाही म्हणून ती सोडावी असे घरात चालले आहे. माझे मत स्पष्ट आहे: ती जागा सोडू नका आणि बागही देऊ नका.

आधी कर्जाचा हिशेब पाहू. ६ लाख वजा जाता १० लाख ८० हजार उरतात. बँक ही रक्कम दरवर्षी २ लाख ७० हजार याप्रमाणे देईल आणि परतफेड शिक्षण संपल्यावर साधारण एका वर्षाने सुरू होईल. परंतु बँकेने पहिली रक्कम दिली की तेव्हापासूनच व्याज चढू लागते. दर साडेदहा टक्के धरला, तर परतफेडीच्या पहिल्या दिवशी तुमच्या नावावर सुमारे १४ लाख ७७ हजार उभे असतील, आणि दहा वर्षांच्या मुदतीला महिन्याचा हप्ता जवळपास १९,९०० रुपये बसेल. मुलीला पहिली नोकरी पंचवीस हजारांची मिळाली, तर पुण्यात राहून ती हा हप्ता भरू शकणार नाही. मग तो तुमच्यावर येणार, आणि आंब्याचे पैसे वर्षातून एकदाच, मार्च ते मेच्या दरम्यान हाती येतात. मोहोर गळाला किंवा अवकाळी पाऊस झाला, तर तेही येत नाहीत. बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याला उभा असतो.

तारणाची अडचण वेगळीच आहे. साडेसात लाखांवरच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागतात. तुमच्या सातबारावर तुमच्यासह मुंबईतील दोन भावांची आणि एका आत्याची नावे आहेत, असे तुम्हीच लिहिले आहे. सामाईक जमीन गहाण टाकायची तर सर्वांच्या सह्या लागतील. शिवाय शेतजमिनीवर वसुलीचा सरफेसी कायदा लागू होत नसल्याने अशी जमीन तारण घ्यायला बँका नाखूष असतात. म्हणजे शेवटी राहते घर पुढे करावे लागेल. बागेच्या करारालाही त्या सगळ्यांची संमती घ्यावी लागेल, याचा विचार पत्रात दिसला नाही.

आता तुमच्या हिशेबात न आलेली सर्वांत मोठी गोष्ट. तुम्ही इतर मागास प्रवर्गात येता आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे. अशा कुटुंबातील मुलींना ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले आहे. मात्र प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतूनच झालेला असावा लागतो. खासगी अभिमत विद्यापीठे, स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे आणि व्यवस्थापन कोट्यातील प्रवेश यांना ही सवलत नाही. लोणेऱ्याची जागा सोडणे म्हणजे ही सवलत सोडणे. तिथे तुम्हाला प्रामुख्याने राहण्याजेवणाचा आणि किरकोळ शुल्काचा खर्च उरेल. वर्षाला लाख-सव्वा लाख धरले, तरी चार वर्षांचे पाच लाखांत भागते. ही रक्कम बागेच्या उत्पन्नातून, आणि कमी पडल्यास विनातारण मिळणाऱ्या लहानशा कर्जातून उभी राहू शकते.

शाखेबद्दल मुलीची नाराजी मी हलक्यात घेत नाही. पण सॉफ्टवेअर कंपन्या इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांनाही घेतात. पुढची प्रवेश फेरी बाकी असेल, तर तिने शाखा बदलून मिळण्यासाठी पर्याय जरूर भरावेत. खासगी विद्यापीठाने तुम्हाला ‘सर्वोच्च पॅकेज’ सांगितले आहे. तुम्ही त्यांना मधले पॅकेज (निम्म्या मुलांना ज्याहून जास्त आणि निम्म्यांना ज्याहून कमी मिळते ते) विचारा, आणि चार वर्षांपूर्वी प्रवेश घेतलेल्या किती मुलांना नोकरी लागली ते लेखी मागा. आपल्याकडे शिक्षणसंस्थेला नफेखोरी करता येत नाही; सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या टी. एम. ए. पै निकालात वाजवी शिल्लक तेवढी मान्य केली. तरीही इमारतींचा आणि जाहिरातींचा खर्च शेवटी पालकांच्या खिशातूनच जातो, हे शुल्काचा आकडा बघताना ध्यानात ठेवा.

बागेबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण मला तिचीच जास्त काळजी वाटते. कंत्राटदाराला करार जुलै संपायच्या आत हवा आहे, याचे कारण कल्टार, म्हणजे झाडाची वाढ रोखून मोहोर आणणारे रसायन, घालण्याचा हंगाम तोच असतो. पाच वर्षांत पैसे वसूल करायचे म्हटल्यावर दरवर्षी मात्रा वाढवून पीक ओढले जाते आणि शेवटी पालवी खुंटलेली, फांद्या वाळलेली कलमे मालकाच्या हाती येतात. अशा बागा मी पाहिल्या आहेत. त्या सावरायला काही वर्षे जातात, आणि नेमकी तीच वर्षे तुमच्या हप्त्यांची असतील.

या आठवड्यात उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र काढून घ्या. जात वैधता प्रमाणपत्र आहे का तेही पाहा. मग लोणेऱ्याला प्रवेश निश्चित करा आणि राज्य शासनाच्या महाडीबीटी संकेतस्थळावर सवलतीचा अर्ज भरा. खासगी विद्यापीठात भरलेले २५ हजार बुडाले असे समजू नका: विद्यापीठ अनुदान आयोग दरवर्षी प्रवेश रद्द करण्याची मुदत जाहीर करतो आणि त्या मुदतीत अर्ज केल्यास शुल्क परत मिळते. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, आणि मूळ प्रमाणपत्रे तिथे दिली असतील तर तीही मागून घ्या. ती अडकवून ठेवण्याचा अधिकार संस्थेला नाही.