ओपन सोर्स कंपायलरसाठी एनएलनेटकडे निधीसाठी अर्ज करतोय. रिस्क-फाइव्ह या खुल्या प्रोसेसर रचनेसाठी नवा बॅकएंड (कंपायलरचा मशीन कोड तयार करणारा भाग) लिहायचा आहे. माइलस्टोन, म्हणजे कामाचे टप्पे, कसे पाडू?

एनएलनेट ही डच संस्था पैसे टप्पा पूर्ण झाल्यावर देते, आधी नाही. म्हणून टप्पे लहान ठेवा. सहा महिन्यांचा एकच टप्पा लिहिलात तर तेवढे दिवस पदरमोड करावी लागेल.

'इन्स्ट्रक्शन सिलेक्शन', 'रजिस्टर अ‍ॅलोकेशन' असे बॅकएंडच्या आतल्या कामांचे कप्पे पाडू नका. अर्धवट बॅकएंड चालतच नाही, मग दाखवणार काय? पहिल्या टप्प्यात फक्त पूर्णांकांची गणितं, अटी आणि फंक्शन कॉल घ्या, पण निघालेला कोड क्यूईएमयूवर (प्रोसेसरची नक्कल करणारा प्रोग्राम) चाललाच पाहिजे. पुढे पॉइंटर आणि स्ट्रक्ट (अनेक मूल्यं एकत्र बांधलेला डेटा). इथे मात्र वेळ सरळ दुप्पट धरा, कॉलिंग कन्व्हेन्शन (फंक्शनला मूल्यं कशी द्यायची याचे नियम) जीव काढतं: 64-बिटमध्ये 16 बाइटपर्यंतचा स्ट्रक्ट रजिस्टरमधून जातो, त्याहून मोठ्याचा नुसता पत्ता.

एलएलव्हीएमसारख्या मोठ्या कंपायलर प्रकल्पात पॅच (कोडमधला बदल) पाठवणार असाल तर 'मर्ज झालं', म्हणजे त्यांनी तो मूळ कोडमध्ये घेतला, हा टप्पा कधीच लिहू नका. रिव्ह्यू कधी होईल ते आपल्या हातात नसतं. 'पॅच पाठवला, चाचण्या पास, शंकांना उत्तरं दिली' एवढं पुरे. आणि डॉक्युमेंटेशनला वेगळी रक्कम लावा, नाहीतर ते फुकटात करावं लागतं.