एक टायर फाटला, मग जोडी बदलायची का?

प्रश्न : पारोळ्याजवळ हायवेवर लोखंडी पत्रा लागून पुढच्या उजव्या टायरची बाजूच फाटली. दुकानदार म्हणतो, दोन घ्या. एकात भागणार नाही का? (अमळनेर)

बाजू फाटलेला टायर गेलाच, तिथे पंक्चर काढून घेऊ नका. आता बघायचा तो डावा टायर. दुकानात नक्षीची खोली मोजायचं गेज असतं. समोर उभं राहून मोजून घ्या. नव्या टायरची नक्षी 7-8 मिलिमीटर खोल असते. डाव्यात 6 उरली असेल, तर त्याच कंपनीचा, त्याच साइजचा आणि नक्षीचा एकच टायर टाका. 3 वर आली असेल, तर दुकानदार खरं बोलतोय. 5 मिलिमीटरचा फरक म्हणजे नव्या चाकाचा घेर सुमारे 3 सेंटीमीटर मोठा. मग सरळ रस्त्यावरही डिफरन्शियलला, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरना, उसंत नाही, आणि ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढू शकते.

मधला मार्गही आहे. स्टेपनी त्याच साइजची, न वापरलेली आणि फार जुनी नसेल, तर तिच्याच मेळाचा एक नवा टायर घ्या आणि दोघांची जोडी लावा. उरलेल्या जुन्यांतला चांगला स्टेपनीला ठेवा. खर्च एकाच टायरचा. हे दुकानदार सहसा सुचवत नाहीत, तुम्हीच विचारा.

प्रश्न : दोन नवे घेतले, तर पुढे लावायचे की मागे? (शहादा)

मागे. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना असली तरी मागेच. पुढची चाकं पाण्यावर घसरली, तर स्टिअरिंग हलकं लागतं, तुम्ही पाय काढता, गाडी सावरते. मागची घसरली की गाडी गर्रकन फिरते आणि तुमच्या हातात फारसं काही उरत नाही. तोरणमाळचा घाट पावसात उतरताना ब्रेक लावला, की वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात. मला या बाबतीत तडजोड मान्य नाही.

प्रश्न : शेतरस्त्यावर बाभळीचा काटा घुसला. टायर बदलू? (रावेर)

मुळीच नको. भोक नक्षीच्या मधल्या भागात आणि 6 मिलिमीटरपेक्षा लहान असेल, तर आतून पॅच लावून टायर चालतो. पण हवा गेलेल्या टायरवर गाडी तशीच दामटली असेल, तर टायर रिमवरून उतरवून आत बॅटरी मारा. रबराची काळी भुकटी दिसली, तर बाजू आतून घासली गेली आहे, तो टायर टाकून द्या.

प्रश्न : गाडी कायम चारही चाकांना ताकद देणारी आहे. वेगळा नियम? (धुळे)

हो. इथे चारही टायरांची झीज जवळपास सारखी लागते, नाहीतर ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारी गिअरपेटी, तापते. कंपनीच्या पुस्तिकेतली मर्यादा पाळा.

प्रश्न : स्टेपनी किती जुनी, हे कसं कळणार? (भुसावळ)

टायरच्या बाजूला डीओटी अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 सालचा 23वा आठवडा. तुमच्याकडे मे महिन्यात पारा 45च्या घरात जातो, रबर लवकर कडक होतं. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या. बाजूला बारीक भेगा दिसल्या, तर नक्षी कोरी असली तरी ती स्टेपनी जोडीत लावू नका.