ईटिंग डिसऑर्डर खरंच वाढलेत, की फक्त निदान जास्त होतंय?

ईटिंग डिसऑर्डर म्हणजे खाण्याशी जोडलेले मानसिक आजार. दोन्ही झालंय, पण सारखं नाही. आणि "सगळं सोशल मीडियामुळेच ना?" असं कुणी विचारलं तर त्याला नुसतं हो म्हणून मोकळं होता येत नाही.

निदानाचा आकडा म्हणजे आजाराचा आकडा नव्हे. त्या वेळच्या नियमात कोण बसलं आणि डॉक्टरपर्यंत कोण पोचलं, एवढंच त्यात मोजलं जातं. एनोरेक्सियाचं (वजन वाढेल या भीतीने खाणं तोडणं) नाव 1870 च्या दशकातलं, लंडनचे डॉक्टर विल्यम गल यांनी दिलेलं. बुलिमिया (भरमसाट खाऊन मग ते उलट्या वगैरे करून बाहेर काढणं) मात्र सायकियाट्रिस्ट जेराल्ड रसेल यांनी थेट 1979 मध्ये 30 पेशंटवरून मांडला, 1980 मध्ये तो डीएसएममध्ये (अमेरिकन सायकियाट्रिस्ट मंडळींची निदानाची पोथी) आला आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत केसेस वाढत गेल्या, यात नवल ते काय! त्याआधी कुणी पोटभर खाऊन उलट्या काढतच नव्हतं असं थोडीच आहे, कागदावर त्याला जागाच नव्हती. ब्रिटनमध्ये फॅमिली डॉक्टरांकडच्या बुलिमियाच्या नव्या केसेस 1996 ला सगळ्यात वर गेल्या आणि मग उतरल्या. 1995 च्या नोव्हेंबरात प्रिन्सेस डायनाने टीव्हीवर आपल्याला बुलिमिया होता हे सांगितलं होतं, त्यामुळे लपवून बसलेल्या बायका पुढे आल्या असाव्यात असा काही संशोधकांचा अंदाज आहे. मला तो पटतो, पण शेवटी अंदाजच.

मग आलं 2013. डीएसएम-5 मध्ये (त्याच पोथीची पाचवी आवृत्ती) बिंज ईटिंगला (ताबा सुटून भरमसाट खाणं, पण नंतर उलट्या वगैरे नाहीत) स्वतंत्र आजाराचा दर्जा मिळाला, आर्फिड हे नवीन निदान आलं (वजनाची भीती नसते, तरी माणूस खाणं टाळतो), बुलिमियासाठी खाऊन बाहेर काढण्याचा प्रकार आठवड्यातून दोनदाऐवजी एकदा झाला तरी चालेल असं ठरलं आणि एनोरेक्सियासाठी पाळी थांबलेली असण्याची अट गेली.  आधी "इतर" म्हणून एकाच पोत्यात भरलेले बरेच पेशंट आता नावानिशी मोजले जायला लागले, म्हणून 2013 च्या आधीचा नि नंतरचा आकडा एकाच रेषेवर काढणं मला चुकीचं वाटतं.

पण सगळं खापर व्याख्येवर फोडलं तर तेही खोटंच. युरोपातल्या अभ्यासांत एनोरेक्सियाच्या नव्या केसेस एकूणात कित्येक दशकं साधारण तेवढ्याच दिसतात, तरी 15 ते 19 वयाच्या मुलींमध्ये त्या वाढल्यात. त्यातलं लवकर लक्षात येणं किती आणि लवकर सुरू होणं किती, यावर अजून वाद चालू आहे.

आणि 2020. कोविडमध्ये अनेक देशांत किशोरवयीन मुलींचं या आजारांसाठी ॲडमिट होणं एकदम वाढलं, आणि तेव्हा निदानाचे नियम तर तेच होते! शिवाय नाडी मंदावली, वजन धोक्याच्या खाली गेलं म्हणून ॲडमिट करावं लागलेली मुलगी नुसत्या जागरूकतेमुळे तिथे पोचत नाही. शाळा बंद, मैत्रिणी नाहीत, दिवसभर घर आणि स्क्रीन, त्यात उपचार उशिरा सुरू झाले, असं सगळं एकात एक मिसळलेलं आहे, सोशल मीडिया त्यातला एक धागा. ही वाढ मी खरी धरतो.

2022 पासून आयसीडी-11 (जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादी) लागू झालंय, त्यातही बिंज ईटिंग आणि आर्फिड आहेत. जो देश जेव्हा ते वापरायला लागेल तेव्हा तिथला ग्राफ परत उडी मारेल, तेव्हा बातमी वाचताना आधी तेवढं तपासा.