कपाटातले देशपांडे

प्रिय चिऊ,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप मिळाला, कपाटाचे फोटोही मोठे करून पाहिले. तू विचारलंस, "आजोबांच्या या दोन कप्प्यांत जिकडेतिकडे देशपांडेच आहेत. हे सगळे आपले कोण लागतात? आणि आजोबा म्हणतात नीट लावून दे, तर कसं लावू?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: कोणीच लागत नाहीत. दुसऱ्याला जरा वेळ लागेल.

देशपांडे हा पूर्वी हुद्दा होता. गावाचा हिशेब कुलकर्ण्याकडे, परगण्याचा देशपांड्याकडे. वतन बापाकडून मुलाकडे जायचं, म्हणून हुद्दाच आडनाव होऊन बसला. परगणे पुष्कळ, तेव्हा एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेली देशपांडे घराणी महाराष्ट्रभर आणि पार कर्नाटकातही सापडतात. नातं काढायचं तर आजी विचारते तेच विचारायचं: मूळ गाव कुठलं, कुलदैवत कोणतं, गोत्र कोणतं? तिन्ही जुळली तर पुढे बोलायचं. पुस्तकावर यातलं काहीच छापलेलं नसतं.

तिथे उपयोगी पडतं ते मधलं अक्षर. आपल्याकडे पूर्ण नावात आधी स्वतःचं नाव, मग वडिलांचं (लग्न झालेल्या बाईचं बहुधा नवऱ्याचं) आणि शेवटी आडनाव. तू फोटोत पु. ल. आणि पु. य. एकाच गठ्ठ्यात ठेवलेत. दोघेही पुरुषोत्तम, पण पु. ल. म्हणजे पुरुषोत्तम लक्ष्मण, मुंबईचे, 'व्यक्ती आणि वल्ली'वाले. पु. य. म्हणजे पुरुषोत्तम यशवंत, आपल्या नागपूरचे, त्यांच्याहून वीस वर्षांनी मोठे, कादंबरीकार आणि चिंतक. साहित्य अकादमीचा पुरस्कार दोघांनाही आहे: पु. य. यांना १९६२ मध्ये 'अनामिकाची चिंतनिका'साठी, पु. लं.ना १९६५ मध्ये. 'अनामिकाची चिंतनिका' हसायला मिळेल म्हणून उघडलंस तर दुसऱ्या पानावर मिटवशील. ते पुस्तक वाईट नाही, तू भलत्याच माणसाच्या दारात उभी असशील एवढंच.

आता कामाला लाग. कप्पा पूर्ण रिकामा कर. अर्धा रिकामा करून लावायला गेलीस की जुनी रांगच परत उभी राहते. नाव वाचायचं ते आतल्या मुख्य पानावरचं. पाठीवर जागा नसते म्हणून तिथे नुसतं 'देशपांडे' छापून मोकळे होतात, आणि बाइंडिंग केलेल्या पुस्तकांवर बाइंडरने त्याला वाटलं ते लिहिलेलं असतं. मग पान उलट. मागच्या बाजूला प्रकाशक, आवृत्ती आणि साल मिळेल. 'आवृत्ती दुसरी' असेल तर बहुधा मजकुरात काही बदल झालेला असतो, 'पुनर्मुद्रण' म्हणजे तेच पुन्हा छापलेलं. जुन्या पुस्तकावर साल शके असं असेल तर ७८ मिळव: शके १८५४ म्हणजे १९३२. महिना पौषाचा उत्तरार्ध, माघ किंवा फाल्गुन असेल तर ७९, कारण तोवर इंग्रजी वर्ष बदललेलं असतं आणि शकाचं मात्र गुढीपाडव्याला बदलतं.

प्रत्येक पुस्तकाला एक कार्ड कर, तीन बाय पाच इंची. वर आडनाव, स्वल्पविराम, पूर्ण नाव. खाली पुस्तकाचं नाव, प्रकाशक, साल, अनुवाद असेल तर अनुवादकाचं नाव. आद्याक्षरांवर थांबू नकोस, सगळा गोंधळ तिथेच होतो. फोनमध्ये यादी करणार असशील तर अजूनच जप: 'पु.ल.' आणि 'पु. ल.' हे फोनला दोन वेगळे लेखक वाटतात. जुन्या छपाईतलं 'देशपाण्डे' आणि आताचं 'देशपांडे' एकाच जागी धर.

क्रम बाराखडीचा. देशपांडे आधी, मग देशमुख (प नंतर म), मग देसाई (श नंतर स). देशपांड्यांच्या आत पहिल्या नावाने: अच्युत, आत्माराम, कुसुमावती, गणेश, गौरी, पुरुषोत्तम यशवंत, पुरुषोत्तम लक्ष्मण, यशवंत, शशी, सुनीता. य हा ल च्या आधी, म्हणून पु. य. पुढे आणि पु. ल. मागे. हे यशवंत वेगळे बरं का, यशवंत खुशाल, यवतमाळचे, महानुभाव वाङ्मयाचे अभ्यासक, पु. य. यांच्या नावातले यशवंत म्हणून त्यांना तिकडे चिकटवू नकोस. तुमच्या शाळेच्या लायब्ररीत दशांश आकडे असतात, त्या पद्धतीत मराठी साहित्याचा आकडा ८९१.४६ आहे. घरच्या कपाटाला त्याची गरज नाही. कविता, कादंबरी, समीक्षा वेगळी काढलीस तर एकच माणूस चार ठिकाणी विखुरतो.

आत्माराम देशपांडे तुला सापडणारच नाहीत, कारण त्यांच्या पुस्तकांवर 'अनिल' एवढंच असतं. आत्माराम रावजी देशपांडे, जन्म मूर्तिजापूरचा. 'फुलवात' १९३२ चं, आणि 'दशपदी'ला १९७७ चा अकादमी पुरस्कार. लोक ज्या नावाने शोधतात त्या नावाने पुस्तक ठेवावं असं माझं मत, म्हणून ते अ मध्ये 'अनिल'खाली ठेव आणि देशपांड्यांच्या रांगेत नुसतं एक कार्ड खोच: 'देशपांडे, आत्माराम रावजी: पाहा अनिल'. कुसुमावतीबाई त्यांच्या पत्नी, माहेरच्या जयवंत, नागपुरात इंग्रजीच्या प्राध्यापक. कथांचं 'दीपकळी' आणि समीक्षेचं 'पासंग' त्यांचं. अनिल १९५८ मध्ये मालवणच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, तर कुसुमावतीबाई १९६१ मध्ये ग्वाल्हेरच्या, आणि त्या पदावरची ही पहिली स्त्री. दोघांच्या पत्रांचं 'कुसुमानिल' मात्र कोणा एकाचं नाही. मुख्य पानावर ज्याचं नाव आधी त्याच्याकडे पुस्तक, दुसऱ्याकडे कार्ड.

पत्रांची पुस्तकं नेहमीच घोळ घालतात. 'प्रिय जी. ए.' हे जी. ए. कुलकर्ण्यांचं नाही, त्यांना लिहिलेल्या पत्रांचं आहे, आणि लिहिणाऱ्या सुनीता देशपांडे. तेव्हा ते देशपांड्यांत, जी. एं.ची पत्रं कुलकर्ण्यांत. पत्र ज्याने लिहिलं त्याचं, ज्याला आलं त्याचं नव्हे. सुनीताबाई पु. लं.च्या पत्नी म्हणून आजोबांनी 'आहे मनोहर तरी' पु. लं.च्या मध्ये खुपसलंय, ते काढ. त्यांचं नाव स वरून आहे, रांगेत त्या शेवटी येतात, आणि ते पुस्तक स्वतःच्या पायावर उभं आहे.

गौरी देशपांडे माहेरच्या कर्वे, इरावती कर्व्यांची लेक. आईची पुस्तकं 'क' मध्ये, लेकीची 'द' मध्ये. आडनाव नातं दाखवत नाही तसं लपवतंही. त्यांनी रिचर्ड बर्टनच्या इंग्रजी अनुवादावरून मराठीत आणलेल्या 'अरेबियन नाइट्स'चे सोळा खंड आहेत. त्याला एक असा लेखक नाही, म्हणून अनुवादकाच्या नावाने ठेवणं सोयीचं. त्यांना जागा आधी मोजून ठेव, नाहीतर शेवटचे दोन खंड कपाटावर जाऊन बसतात. शशी देशपांडे इंग्रजीत लिहितात, मूळच्या धारवाडच्या, वडील कन्नड नाटककार. त्यांचं मराठी पुस्तक हाती आलं तर तो अनुवाद, कार्डावर अनुवादकाचं नाव हवंच.

ठेवताना इतकी दाबू नकोस की काढताना पाठ धरून ओढावं लागेल, त्यानेच पाठ फाटते. एक बोट सहज जाईल एवढी फट असू दे. फाटक्या पानाला चिकटपट्टी लावायची नाही. ती पिवळी पडते आणि काढताना अक्षरं घेऊन येते. सीताबर्डीवरच्या जुन्या बाजारातून आणलेली पुस्तकं लगेच रांगेत घालू नकोस. पंधरा दिवस वेगळी ठेव, मधूनमधून झटकून बघ, कसर असेल तर दिसेल. बाइंडिंगला देणार असाल तर दोन गोष्टी सांगायच्या: कडा कापायच्या नाहीत आणि जुनं मुखपृष्ठ आत लावायचं. न सांगता दिलं की मशीनखाली समास जातो, कधी ओळींची टोकंही जातात. खळीत मोरचूद घालतात का तेही विचार, किडीला त्याने आळा बसतो.

कपाट कूलरच्या झोतात आहे ते फोटोत दिसलं. बाहेर पंचेचाळीस डिग्री आणि आत सतत ओली हवा, म्हणून पानं लाटांसारखी होतात. कूलरचं तोंड फिरव. फुगलेली पुस्तकं उन्हात वाळवू नकोस, मे महिन्याच्या उन्हात गोंद तडकतो. पंख्याखाली सावलीत उघडी उभी कर. भिंतीतल्या कप्प्याच्या मागच्या बाजूला मातीची बारीक नळी दिसली तर ती नुसती झाडून टाकू नकोस. वाळवी आहे ती. पाठ शाबूत दिसते आणि आतली पानं पोकळ झालेली असतात, म्हणून त्या कप्प्यातलं प्रत्येक पुस्तक उघडून बघावं लागेल आणि आजोबांना त्याच दिवशी औषधवाला बोलवायला सांग.

कुठल्या वाचनालयाचा शिक्का असलेलं पुस्तक निघालं तर कार्ड करू नकोस, वेगळं काढून ठेव. आजोबांना चारचौघांत लाजवू नकोस, हळूच दाखव. आणि ग. त्र्यं. देशपांड्यांचं 'भारतीय साहित्यशास्त्र' वर ठेवू नकोस, जाड आहे, पडलं तर पायावर पडेल.

तुझी,
आई