फ्लेक्सवरचा हार काढ

प्रिय मुली,

सप्रेम आशीर्वाद.

विजय दिवसाच्या फ्लेक्सचा मजकूर छापायला देण्याआधी मला दाखवलास, हे फार बरं केलंस. फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे यांचा फोटो निवडलास, याचाही मला आनंद आहे. पण फोटोभोवतीचा हार काढ, आणि खालची ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ही काढ.

५ डिसेंबर १९७१ रोजी ते सुखोई-७ विमान घेऊन पाकिस्तानातल्या शोरकोटच्या तळावर हल्ल्याला गेले आणि परतले नाहीत. एवढं पक्कं. त्या दिवसांत पकडलेल्या भारतीय वैमानिकांची नावं तिकडच्या एका वृत्तपत्रात आली. त्यांत ‘टॉम्बे’ असं एक नाव होतं. युद्धानंतर आपण सुमारे ९३ हजार पाकिस्तानी युद्धकैदी परत पाठवले, आपलेही कैदी आले. तांबे आले नाहीत. १९७९ मध्ये लोकसभेत बेपत्ता जवानांची आणि अधिकाऱ्यांची यादी ठेवली गेली; पुढे ती ५४ नावांची झाली. त्यांत ते आहेत. नातेवाईक १९८३ आणि २००७ मध्ये तिकडच्या तुरुंगांत जाऊन शोधून आले, कुणीच सापडलं नाही. असे कैदी आपल्याकडे नाहीत, हेच पाकिस्तान सांगत आलं.

त्यांच्या पत्नी दमयंतीताई बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, अर्जुन पुरस्कार मिळालेल्या. तेव्हा लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. पुढची कित्येक दशकं त्या मंत्र्यांना भेटल्या, पत्रं लिहीत राहिल्या, नवरा कुठे आहे एवढंच विचारत राहिल्या. ज्या बाईंनी आयुष्यभर हा प्रश्न मिटू दिला नाही, तो आपण पुण्यात बसून चौकातल्या एका फ्लेक्सवर मिटवायचा? सात वर्षं काही खबर नसली तर कायदा माणूस गेला असं धरू शकतो. इस्टेटीची, पेन्शनची कामं अडतात, म्हणून ती सोय. आपलं काय अडलंय?

‘आजही तुरुंगात खितपत पडलेले वीर’ असंही लिहू नकोस, तेही आपल्याला ठाऊक नाही. दर डिसेंबरात ‘अमक्या जेलमध्ये पाहिले’ असे मेसेज फिरतात. कुणी पाहिलं, कधी, ते आधी कुठे छापून आलं, हे कळल्याशिवाय एकही पुढे ढकलू नकोस. आपण फॉरवर्ड करून जेवायला बसतो. त्या घरात मात्र रात्रभर दिवा जळतो. आणि कुटुंबांचे नंबर मिळवून फोन तर कधीच करू नकोस, कितीही भरून आलं तरी.

मग करायचं काय? नाव, हुद्दा, तारीख, ठिकाण, आणि खाली ‘अद्याप बेपत्ता’. बस. १९७० मध्ये अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांनी व्हिएतनामच्या युद्धात कैद झालेल्या आणि बेपत्ता सैनिकांच्या नावांची हातात घालायची धातूची कडी काढली, तेव्हा त्यांवर नाव, हुद्दा आणि कैद किंवा बेपत्ता झाल्याची तारीख एवढंच कोरलं होतं. सुमारे पन्नास लाख कडी वाटली गेली. घालणाऱ्यांतले बहुतेक जण त्या सैनिकाला ओळखतही नव्हते. तो येईपर्यंत कडं उतरवायचं नाही, असा पण होता. काहींचे सैनिक १९७३ मध्ये सुटून आले. काहींनी पुष्कळ वर्षांनी, अवशेषांची ओळख पटल्यावर, कडं घरच्यांच्या हाती दिलं. कडं करायलाच हवं असं नाही. नाव वहीच्या पहिल्या पानावर लिही, दर वर्षी वही बदलली की पुन्हा लिही. मी तेच करते.

खडकीच्या युद्धस्मशानभूमीत एकदा जाऊन ये. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात मरण पावलेल्या ज्या सैनिकांच्या कबरींची देखभाल करणं आता शक्य नाही, त्यांची नावं तिथे कोरलेली आहेत. कबर हातची गेली तरी नाव कुणीतरी जपलं. इतक्या काटेकोरपणे आठवण ठेवता येते, हे तिथे उभं राहिल्यावर पटतं.

आता माझा एक हट्ट. वैमानिकांची, अधिकाऱ्यांची नावं वर्तमानपत्रांत येत राहिली, त्यांच्यावर लेख झाले. पण त्या यादीत शिपाई आहेत, हवालदार आहेत, आणि त्यांची नावं त्यांच्या गावाबाहेर फारसं कुणी घेत नाही. घोरपडीजवळचं युद्धस्मारक नागरिकांच्या वर्गणीतून उभं राहिलं. तसा आपल्यासारख्यांचाही वाटा असू दे. तांबे यांचं नाव ठेवच, पण सोबत यादीतला एक शिपाई निवड. त्याची पलटण कोणती, तो शेवटचा कुठे दिसला, हे शोध. नाव ठरलं की कळव. जुने अंक चाळायला मी तुझ्याबरोबर ग्रंथालयात येईन.

तुझ्या,
बाई