स्मार्ट वीजमीटरचे इव्हेंट (म्हणजे मीटरने केलेल्या घटनांच्या नोंदी) हाती आलेत? आधी एवढंच करा

सगळे कोड पाठ करत बसू नका. प्रत्येक इव्हेंटला एक कोड असतो. आयएस १५९५९ या मीटरच्या भारतीय मानकातला १०१ म्हणजे वीज गेली, १०२ म्हणजे आली. पहिला महिनाभर ही जोडी पुरे.

त्याआधी कोणतं मीटर कोणत्या डीपीवर (वस्तीला वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर) आहे, ती यादी लाइनमनसोबत फिरून तपासा. डीपीवरची बहुतेक मीटर एकदम बंद झाली तर बिघाड डीपीकडे किंवा डीपीला वीज देणाऱ्या लाइनवर शोधा. एकच बंद असेल तर सर्व्हिस वायर, म्हणजे खांबावरून मीटरपर्यंत येणारी तार, बघा. यादी चुकली की गाडी भलत्याच डीपीवर जाते. आमची गेली होती, भर पावसात!

नवखे इथे फसतात:
- मीटरचं घड्याळ न जुळवता वेळांची तुलना करणं.
- २०१, म्हणजे मीटरवर चुंबकाचा परिणाम झाल्याचा इव्हेंट, दिसताच चोरी ठरवणं. त्या वेळचा वापर बघा, मग जागेवर जा.

व्होल्टेजचे इव्हेंट नंतर बघू.