पत्रा बदलू की आतून थर्माकोल मारू?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: घराच्या मागे जोडलेली सहा चौरस मीटरची युटिलिटी रूम, वर नुसता पत्रा, आत वॉशिंग मशीन आणि पाण्याचे पाइप. थंडीत खोली गारठते, पहाटे वरून थेंब पडतात, पैसे बेताचे. मग पत्रा बदलायचा, की आतून थर्माकोल मारून भागेल?

मी हे काम दोनदा केलंय. दोनदा, कारण पहिल्यांदा चुकलं. तेव्हा मीही हेच केलं होतं: थर्माकोलचे शीट आणले आणि घरात होता तो रबराचा गोंद लावून थेट पत्र्याच्या पोटाला चिकटवले. गोंदातल्या सॉल्व्हंटने थर्माकोल माझ्या डोळ्यांदेखत खाल्ला, मागच्या बाजूला खड्डेच खड्डे. तरी रेटून नेलं. पुढच्या थंडीत एक कोपरा लोंबायला लागला म्हणून स्क्रूड्रायव्हर घालून उचकटला, तर मागे साठलेलं पाणी मनगटावरून थेट कोपरापर्यंत ओघळलं. शीटची मागची बाजू बुरशीने काळी पडली होती.

ते पाणी पावसाचं नव्हतं, खोलीतलंच होतं. २० अंशांच्या हवेत ६० टक्के आर्द्रता असली, तर १२ अंशांपेक्षा गार असलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर दव धरतं. त्यात निरभ्र रात्री पत्रा उघड्या आकाशाकडे उष्णता फेकत राहतो आणि बाहेरच्या हवेपेक्षाही थंड होतो. खाली ओले कपडे वाळत असतील तर मग विचारूच नका.

म्हणून खरेदीच्या आधी छडा लावा. पाऊस नसताना, स्वच्छ आकाशाच्या पहाटे सगळ्या पत्र्यावर सारखे बारीक थेंब दिसले तर ते दव. पाणी एकाच जागी, स्क्रूभोवती किंवा दोन पत्र्यांच्या जोडाशी येत असेल तर गळती. खात्री करायची तर एकाला आत टॉर्च घेऊन उभं करा आणि बाहेरून नळीने पाणी सोडा, पण खालच्या कडेपासून हळूहळू वर सरकत. वरून सुरुवात केली तर पाणी नेमकं कुठून शिरलं ते कधीच कळत नाही. नुसतं दव असेल आणि पत्रा धड असेल, तर नवीन पत्र्याचे पैसे वाचले.

दुसरा पैसे वाचवणारा मुद्दा जाडीचा. आत आणि बाहेर १५ अंशांचा फरक धरला तर तुमच्या सहा चौरस मीटरच्या उघड्या पत्र्यातून साधारण ६४० वॉट उष्णता सतत निघून जाते. ५० मिलिमीटर थर्माकोलने ती ६० वॉटच्या आसपास येते. १०० मिलिमीटर लावलात तर ३० वॉट. म्हणजे पहिल्या ५० मिलिमीटरने जवळपास सगळं काम होतं, पुढच्या ५० ने आणखी ३० वॉट वाचतात. ते पैसे मी दाराच्या फटीवर घालीन. ८० सेंटिमीटर रुंद दाराखाली एक सेंटिमीटरची फट म्हणजे भिंतीला मूठभर आकाराचं भोक पाडून ठेवल्यासारखंच आहे. चंदेरी बबल शीट मात्र नको. समोर दोनेक सेंटिमीटर मोकळी हवा असेल तरच ती चकाकी कामाची. पत्र्याला चिकटवली की उरतो तो फक्त पातळ प्लॅस्टिकचा थर.

पत्रा सडलेला असेल आणि काढायचाच असेल, तर इन्सुलेशन वरूनच करा. वाशांवर प्लाय, त्यावर जाड पॉलिथिन (जोड टेपने बंद), त्यावर ५० मिलिमीटर थर्माकोल, वर लाकडी पट्ट्या लांब स्क्रूने थेट वाशांत आवळून, आणि शेवटी पत्रा. कडांच्या फटी फोमने बुजवा, नाहीतर गार वारा थराखालूनच फिरतो. छप्पर यात सात-आठ सेंटिमीटर उचललं जातं, हे आधीच मोजून घ्या. पन्हळ वर घ्यावी लागते, भिंतीशी असलेली फ्लॅशिंगही (पत्रा आणि भिंत यांचा जोड झाकणारी पट्टी) नव्याने करावी लागते. मी पन्हळ विसरलो आणि पहिल्याच पावसात पाणी तिच्यावरून उडी मारून दारासमोर पडलं.

नालीदार पत्रा वारा जिकडून येतो त्याच्या विरुद्ध टोकाकडून घालत या, म्हणजे जोडाचं तोंड वाऱ्याकडे येत नाही. बाजूचा पत्रा शेजारच्यावर निदान दीड नाळी चढवा, स्क्रू नाळीच्या उंचवट्यावर मारा. वॉशर किंचित फुगेपर्यंतच आवळा. चेपून बाहेर आला तर तीच पुढची गळती.

पत्रा ठेवायचा असेल तर आतून. इथे गोंद विसरा. पत्रा आणि इन्सुलेशन यांच्यात ५० मिलिमीटर मोकळी जागा सोडा, तिला दोन्ही टोकांना जाळी लावून बाहेरची हवा खेळू द्या. त्याखाली वाशांच्या मधे रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर) किंवा थर्माकोल, मग पॉलिथिन, मग जिप्सम बोर्ड. पॉलिथिन नेहमी उबदार बाजूला, म्हणजे खोलीकडे. उलट लावलंत तर माझीच गोष्ट पुन्हा घडेल. थर्माकोल उघडा ठेवू नका, तो भराभर पेटतो. विजेची पीव्हीसी वायरही त्याला टेकू देऊ नका. वायरचं आवरण कालांतराने कडक होऊन तडकतं.

पत्रा धातूचा नसून जुना सिमेंटचा असेल तर त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. तो कापू नका, भोकं पाडू नका, घासू नका. धड असेल तर आहे तसा राहू द्या आणि वरची आतून करायची पद्धत फक्त वाशांना धरून करा. काढायचाच असेल तर त्या कामाची माहिती असलेल्या माणसाला बोलवा. पैसे वाचवायची जागा ही नव्हे.

आणि पाइप. छताखालून जाणारा पाइप नव्या थराच्या वर अडकला, तर तो आधीपेक्षा जास्त गार पडेल, कारण खोलीची ऊब आता त्याच्यापर्यंत पोचतच नाही. बोर्ड मारण्याआधी तो खाली, खोलीच्या बाजूला घ्या आणि कोपऱ्यातल्या एल्बोंसकट फोमची नळी चढवा. सरळ भाग सगळेच गुंडाळतात, एल्बो उघडे राहतात, आणि माझा पाइप गोठला तो तिथेच.